अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
३ जून २०२५

चि. पृथ्वीराज यास,

आशीर्वाद आहेतच, पण ते पत्राच्या शेवटी. आधी भांडण.

तुझ्या वकिलाचा कागद काल आला. पोस्टमन सही घेत होता तेव्हा तुझी बायको विंग सी ओट्यापाशी आलं किसत होती. "कुणाचं पत्र हाय, आई?" म्हणाली. मी "पेन्शनचं" म्हणून सांगितलं आणि कागद फडताळात साड्यांखाली सरकवला. तुझ्यापायी मला सुनेशी खोटं बोलावं लागलं, ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार त्या कागदातल्या मजकुराची. ‘अर्जदाराची पत्नी परदेशी असून तिला मराठी येत नाही. अर्जदाराच्या आईस पत्नीची चिनी भाषा येत नाही. घरात कुणाचे कुणास कळत नसल्याने नऊ वर्षांच्या कु. संयोगिताची आबाळ होत आहे. सबब तिचा ताबा वडिलांकडे सिंगापूरला द्यावा.’ आणि वर तुझा मोबाइलवरचा निरोप: ‘आई, कौटुंबिक न्यायालयात तू एवढं खरं सांग, बाकी मी बघतो.’ त्या निरोपात शेवटी आणखी एक ओळ होती. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

उत्तर कागदावर देते आहे, कारण फोनवर बोलून मी एकदा भोगलं आहे. यापुढे जे काय असेल ते सहीनिशी.

सहा महिन्यांत सिंगापूरला फ्लॅट मिळतोय, तोवर या दोघींना सांभाळ, असं सांगून एप्रिल २०२३ मध्ये तू बायको आणि मुलगी माझ्या दारात सोडून गेलास. फ्लॅट मिळाला हे मला तुझ्या मित्राच्या फोटोंवरून समजलं. खुर्च्या छान आहेत. त्या फ्लॅटमध्ये बायकोला जागा नव्हती, आता मुलीला तेवढी झाली म्हणतोस. मी तुझ्या बाजूने साक्ष देणार नाही. मला न्यायालयात बोलावलं तर जाईन, पण जे सांगेन ते ऐकायला तयार राहा.

आता त्या भाषेबद्दल. वकिलाला सांग, तिचं नाव कॅन्टोनीज. मी एकतीस वर्षं मराठी शिकवली आणि प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न कधी चुकवला नाही: खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. तुला आठवत असेल. पाचवीत ‘डोळ्यांत तेल घालणे’ यावर तू लिहिलं होतंस, ‘आईने डोळ्यांत तेल घातले म्हणून ते चुरचुरले.’ मी शून्य दिलं होतं आणि तू जेवला नव्हतास.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पानाचे तीन भाग केलेत. पहिल्यात विंग सीने शिकवलेला वाक्प्रचार देवनागरीत, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग. एकशे सदतीस झाले. बहुतेक सगळे वारा, पाणी, डोंगर आणि जनावरांतून आलेले आहेत, त्यामुळे मला सोपे गेले. नमुना देते.

याट गाउ वान. शब्दशः, ढगाचा एक गोळा. अर्थ: ऐकूनही काही न समजणे. वाक्यात उपयोग: वकिलाचा कागद मी शेजारच्या रशिदाला वाचून दाखवला, तर तिने याट गाउ वान ऐकला.

आशीर्वाद.
आई


मंगळवार पेठ
२१ जून २०२५

चि. पृथ्वीराज,

तुझा निरोप मिळाला. ‘चार वाक्प्रचार पाठ केले म्हणजे भाषा येत नाही, आई. हा पोरखेळ आहे.’

अगदी खरं. मला ती भाषा येत नाही. त्यांचे सूर मला आजही जमत नाहीत. मी बोलले की संयू पोट धरून हसते आणि विंग सी हात जोडते. पण बारा वर्षं हाँगकाँगात राहून तू काय शिकलास? तुझे सासू-सासरे फोनवर यायचे तेव्हा तू हसून मान हलवायचास आणि फोन बायकोकडे द्यायचास. मी ते पाहिलं आहे. मला वाटायचं, किती गुणी जावई. आता कळतं की तू काही ऐकतच नव्हतास.

यालाही त्यांच्याकडे वाक्प्रचार आहे. सॉइ ग्वो आप बुई, म्हणजे बदकाच्या पाठीवरून पाणी गेलं. शिकवलेलं काही न टिकणे. वाक्यात उपयोग मुद्दाम करत नाही.

घरातलं बोलणं कसं चालतं ते विचारलं आहेस, तर सांगते. मराठी तिला येते. माझी नाही, पेठेतली येते. बनाबाईच्या भाजीच्या पाटीपुढे उभी राहून परवा म्हणाली, "मावशी, ह्ये दोडकं हाय का लाकूड? काल बी असलंच दिलतं की तुम्ही!" बनाबाई मला म्हणाली, "बाई, तुमची सून आता आमच्यातलीच झाली बघा. लई तोंड चालवाय लागली." मी एकतीस वर्षं पोरांच्या तोंडचं ‘न्हाय’ काढून ‘नाही’ घातलं आणि माझ्याच घरात सुनेने ते परत आणलं. मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

जिथे मराठी संपते तिथे ती तिचा वाक्प्रचार टाकते आणि मी वही उघडते. संयू मध्ये बसून खरंखोटं करते.

वकिलाच्या कागदात असंही आहे की या दोघी माझ्या पेन्शनवर जगतात. सिक साय बाक फुंग म्हणजे वायव्येचा वारा खाऊन राहणे, उपाशी मरणे. ते आमच्याकडे कुणी करत नाही. गुंडू गवळी सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध आणतो. विंग सी ते तापवून, जरा निववून, आल्याच्या रसावर उंचावरून ओतते आणि हात लावत नाही. दहा मिनिटांत दूध असं घट्ट होतं की वर चमचा ठेवला तर बुडत नाही. तिच्या आजीच्या गावी म्हशी होत्या, तिथली ही रीत. आधी गुंडूच म्हणाला होता, "वयनी, दूध नासवायचंच असंल तर ताक घ्या की." आता संध्याकाळी दाराशी वाट्या आणि पैसे घेऊन माणसं उभी असतात आणि गुंडू स्वतः त्यात असतो. साखरेऐवजी गूळ घालायची युक्ती माझी.

अजून एक देते, तो तुझ्यासाठीच आहे. मोऊ लॉइ गुंग गम युन. शब्दशः, इतकं लांब की तिथे मेघगर्जनेचा देवसुद्धा नाही. अर्थ: फार फार दूर. मी वाक्य केलं, ‘संयूचे बाबा मोऊ लॉइ गुंग गम युन राहतात.’ संयूने ते खोडलं. म्हणाली, "आजी, चूक हाय. मी मोबाइलवर बघितलंय, सिंगापुरात रोज दुपारी ढग गडगडतात." मग तू नेमका किती लांब आहेस हे तिला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

आशीर्वाद.
आई


मंगळवार पेठ
१३ जुलै २०२५

पृथ्वीराज,

त्या शेवटच्या ओळीबद्दल आज लिहिते. ‘नाहीतर तुझा तो आवाज माझ्याकडे आहे,’ असं तू पहिल्या निरोपात लिहिलं होतंस. काल पुन्हा लिहिलंस की साक्ष बदलली नाहीस तर तो आवाज विंग सीला ऐकवीन.

आईला धमकी द्यायला तू कुठे शिकलास मला माहीत नाही. घरात तरी शिकवली नव्हती.

पण आवाज माझाच आहे. २५ जुलै २०२३. अधिक महिना होता, मी देवापुढे दिवा लावून उठत होते. या दोघींना येऊन तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत मी सुनेशी खुणांनी बोलत होते, तेही कामापुरतं. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. विंग सी गच्चीवरून ओल्या कपड्यांची बादली घेऊन धावत खाली आली आणि देवघरासमोर उभी राहून छताकडे बघत ओरडली, "लॉक गाउ सी! लॉक गाउ सी!" मी संयूला विचारलं, आई काय म्हणते. सात वर्षांची पोर, तिने शब्दाला शब्द सांगितलं: "कुत्र्याची शी पडतेय म्हणते."

माझं डोकं फिरलं. मी माझ्या घराबद्दल, माझ्या देवाबद्दल ऐकलं. आत जाऊन तुला तो आवाजी निरोप पाठवला. ‘ही बाई मला घरात नको. हिचं मला एक अक्षर कळत नाही. देवासमोर उभी राहून घाण बोलते. पोरीला तुझ्याकडे ने आणि हिला हिच्या देशात धाड.’ माझे शब्द जसेच्या तसे लिहिलेत, एकही गाळलेला नाही. तू त्या दिवशी उत्तर दिलं नाहीस. जपून मात्र ठेवलंस.

चार दिवसांनी विंग सीच्या आईचा फोन आला. तिने खिडकीबाहेर फोन धरला. तिकडे वादळ होतं, समोरची इमारत दिसत नव्हती, आणि ती बाई हसत तेच म्हणाली, लॉक गाउ सी. मी संयूकडे बघितलं. संयू म्हणाली, "म्हणजे लई मोठा पाऊस, आजी. आमच्याकडं असंच म्हणत्यात." मी वाक्प्रचार शब्दशः घेतला होता. तुला ज्या चुकीबद्दल शून्य दिलं आणि उपाशी झोपवलं, तीच चूक मी सदुसष्टाव्या वर्षी केली होती. त्याच संध्याकाळी पेठेतून वही आणली. पहिल्या पानावर तोच वाक्प्रचार आहे.

पण सुनेला मी हे सांगितलं नाही. दोन वर्षं सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. तू ती लाज हातात धरून माझ्याकडून साक्ष काढणार होतास.

तेव्हा काल रात्रीची जेवणं झाल्यावर मीच तो निरोप फोनमध्ये शोधला. वकिलाचा कागद फडताळातून काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, हा पेन्शनचा नाही. आणि हा माझा आवाज, पूर्ण ऐक, मग तुला जे बोलायचं ते बोल.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन बंद केला आणि म्हणाली, "आई, ह्ये मला म्हाईत हाय."

त्या दिवशी ती दाराबाहेरच उभी होती. शब्द कळले नव्हते, पण सूर कळला होता. ‘हिचं मला एक अक्षर कळत नाही’ एवढं वाक्य तिने कानाने पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी रशिदाला म्हणून दाखवून अर्थ विचारला. तिने शिकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. रशिदाने दोन वर्षं मला चकार शब्द सांगितला नाही. आज जाऊन तिच्याशी भांडले, तर म्हणाली, "तिनंच शपथ घातलती, बाई. म्हणली, आई वही आणून लिव्हाय लागल्यात, आता कशाला काढायचं?"

मी विंग सीसमोर रडले. तुला सांगायला मला कमीपणा वाटत नाही. "त्या दिवशी मी लई रडले, आई," एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मी विसळायला शेजारी उभी राहिले.

तर आता तुझ्या हातात काही उरलेलं नाही. वाजव तो आवाज. न्यायालयात वाजव, भवानी मंडपात भोंगा लावून वाजव. मी शेजारी उभी राहून माझंच आहे म्हणून सांगेन.

आशीर्वाद या खेपेला शोधावे लागले. सापडले, म्हणून पाठवते.

आई


मंगळवार पेठ
३० जुलै २०२५

चि. पृथ्वीराज,

तू परवा न्यायालयातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीतून उठलास आणि थेट विमानतळावर गेलास. हॉटेलात उतरलास, घरी आला नाहीस. ठीक आहे. पण त्या खोलीत तुझ्यासमोर जे झालं ते तुला समजलं नाही, हे मी तुझ्या तोंडावर पाहिलं. म्हणून लिहिते आहे.

तू आवाज वाजवलास. बाईंनी मला विचारलं, हा तुमचा का? मी म्हटलं, माझाच. विंग सी म्हणाली, "म्याडम, ह्यो मी आधीच ऐकलाय. ह्यातलं एक वाक्य मला पाठ हाय." आणि तिने ते म्हणून दाखवलं. तू तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलंस, कारण ती मराठीत बोलत होती. २१ जूनच्या पत्रात मी ते लिहिलं होतं, त्याआधी दोन वर्षांत तुला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तू विचारलं नव्हतंस.

मग मी वही पुढे केली. बाई डावी बाजू सोडून उजवीकडचंच वाचत बसल्या. तू फोन बघत होतास, म्हणून त्यांनी काय वाचलं ते, वाक्प्रचार वगळून, सांगते. ‘संयूला ताप आला तेव्हा विंग सी तीन रात्री जागली, मी चौथी.’ ‘संयूला गणितात कमी गुण पडले म्हणून तिची आई शाळेत गेली आणि मास्तरांशी मराठीत भांडली.’ ‘संयू आज बाबांच्या फोनची वाट बघत गच्चीवर बसली.’ हे शेवटचं वाक्य एका पानावर नाही, नऊ पानांवर आहे. वाक्प्रचार वेगवेगळे होते, पण त्या त्या दिवशी घरात घडत होतं ते एकच, म्हणून वाक्य तेच लिहावं लागलं. मी तिथे साक्ष द्यायला गेले होते, पण बाईंनी वही मिटली आणि मला साक्षीचं काही विचारलंच नाही.

त्या म्हणाल्या, "आजी, सुनेशी काहीतरी बोला. काहीही. मला फक्त बघायचंय." एकशे एक्केचाळीस वाक्प्रचार आणि तोंडाला कुलूप. मग जे मनात कित्येक दिवस होतं तेच बोलले. अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या. तू इंग्रजीत विचारलंस, काय म्हणाली ती? कुणी उत्तर दिलं नाही. आता देते.

मी म्हणाले, सान गोऊ सॉइ दाय झालं तर. शब्दशः, डोंगर उंच, पाणी खोल. अर्थ: माणसाचं बरंवाईट होणे. माझं बरंवाईट झालं तर घर तुझं आणि संयूचं. कागद मी करून ठेवलेत. त्या आवाजाची ही भरपाई नाही, तेवढी माझी ऐपत नाही.

त्यावर ती जे ओरडली, "छॉय! छॉय! छॉय!" आणि बाईंच्या लाकडी टेबलावर थाडथाड हात मारला, ते तुला भांडण वाटलं. तू वकिलाकडे बघून भुवया उडवल्यास, बघा, म्हणतच होतो ना. ते भांडण नव्हतं रे. त्यांच्याकडे कुणी अभद्र बोललं की ते पुसायला असं म्हणतात. मग ती माझ्या अंगावर आली ती मराठीत. "असलं बोलायचं न्हाय हां, आई! परत बोललासा तर मी जेवणार न्हाय, सांगून ठेवते!" आणि गळ्यात पडून रडली. समुपदेशक बाईंनी चष्मा काढून पुसला. तेवढं तुला समजलं असावं.

कोपऱ्यात बसलेली संयू तुझ्याजवळ आली आणि तिने तुला विचारलं, "बाबा, याट गाउ वान?" तू हसलास आणि मान हलवलीस. अगदी जशी सासू-सासऱ्यांपुढे हलवायचास तशी. ती विचारत होती, तुला काहीच कळलं नाही ना? मी पहिल्या पत्रात अर्थ लिहून पाठवला होता. त्या पत्राला तू उत्तरही दिलं होतंस, म्हणजे वाचून सोडून दिलंस. पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्या क्षणी मला तुझा राग आला आणि तुझी कीवही आली, आणि दोन्ही एकदम सहन होईनात म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

न्यायालयाने पुढच्या तारखेपर्यंत संयूला आईकडेच ठेवलं आहे. तू दर रविवारी पाच वाजता फोन करायचा. पुढच्या तारखेला पुन्हा लढायचं असेल तर ये. मी अठ्ठेचाळीस किलोची आहे, पण पेठेतली आहे.

रविवार चार दिवसांवर आला. प्रश्न एकच काढला आहे. मोऊ लॉइ गुंग गम युन. अर्थ २१ जूनच्या पत्रात दिलेला आहे, शोधून काढ. वाक्यात उपयोग कर आणि तो मला पाठवू नकोस, फोनवर संयूला सांग. चुकलास तरी चालेल, ती खोडून परत सांगते, स्वभावाने गरीब आहे. पाचवीत तुला शून्य दिलं ते जरा जास्तच झालं, असं मला आता वाटतं. निदान तू काहीतरी लिहिलं होतंस. कोरा पेपर देणाऱ्याला मात्र मी एकतीस वर्षांत कधी पास केलेलं नाही, आणि पोटच्या पोराला करणार नाही.

ती साडेचारपासूनच गच्चीवर बसते.

आई